विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, तर पोलिस पुढे काय करतात? अटक होतेच का?

रात्री घरात कोणी शिरले. त्याच्या हातात कोयता होता. घरमालकाने परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली आणि तो माणूस जागीच कोसळला. आता पोलिस येतील, झाला प्रकार ऐकतील, ‘बरे झाले, वाचलात’ म्हणतील आणि पंचनामा करून निघून जातील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पुढच्या काही तासांत घरमालकाचे नाव आरोपी म्हणून नोंदले जाते, रिव्हॉल्व्हर मुद्देमालात जमा होते, बैठकीची खोली बंद होते आणि घरमालकाला अटकही होऊ शकते. कायद्याने त्याला गोळी झाडण्याचा हक्क दिलेला असला तरीही.

समाजमाध्यमांवर याविषयीचे सल्ले भरपूर फिरतात. त्यातले बहुतेक अमेरिकेतले. ‘पोलिसांशी एक शब्दही बोलू नका’ असे सांगणाऱ्या तिकडच्या वकिलांच्या चित्रफिती न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या नातेवाइकांकडून कुटुंबाच्या ग्रुपवर येतात आणि इकडे पुढे ढकलल्या जातात. तिथला कायदा वेगळा, पोलिस वेगळे. आपल्याकडे असा प्रसंग आलाच तर पहिल्या फोनपासून न्यायालयापर्यंत काय घडते, ते समजून घेऊ.

गोळी झाडण्याची मुभा नेमकी कधी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या कायद्यातली ९६ ते १०६ ही कलमे जवळपास तशीच इकडे आली आहेत. समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क कधी ताणता येतो, हे शरीराच्या बाबतीत कलम ३८ आणि मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ सांगते. आपला किंवा दुसऱ्याचा जीव जाण्याची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी शरीराच्या रक्षणासाठी ही मुभा आहे. मालमत्तेसाठी ती जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे आणि ज्या चोरीत वा घरात घुसण्यात जीव जाण्याची भीती आहे, एवढ्यापुरतीच आहे.

साध्या चोरीत ही मुभा नाही. रात्री बागेत आंबे उतरवून नेणाऱ्यावर थेट गोळी झाडली, तर ‘माझी मालमत्ता होती’ हे उत्तर चालत नाही. ‘माझ्या हद्दीत आला म्हणून मारला’ हा आपल्याकडचा सर्वात ठाम गैरसमज आहे.

दुसरी अट वेळेची. भीती सुरू होते तेव्हा हक्क सुरू होतो आणि ती संपली की हक्कही संपतो. चोर खिडकीतून उडी मारून कुंपणापर्यंत पळाला आणि मग पाठीत गोळी बसली, तर चित्र पूर्ण बदलते. पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हक्कच नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, हे कलम ३७ सांगते. मात्र संकटात सापडलेल्या माणसाने प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलून घालावा अशी अपेक्षा नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. पाठ दाखवून पळून जाण्याची सक्तीही कायदा करत नाही.

हक्क आहे, तर गुन्हा का नोंदवतात?

वाचकांना सर्वात जास्त खटकणारा भाग हाच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले. एका माणसाचा गोळी लागून मृत्यू झाला आहे, एवढी माहिती त्यासाठी पुरते. तो स्वसंरक्षणात गेला की नाही, हे ठाणे अंमलदाराने रात्री तीन वाजता ठरवायचे नसते. ते तपासात पुढे येते आणि शेवटी न्यायालय ठरवते. म्हणून माणूस मरण पावला असेल तर कलम १०३ (खून) आणि जखमी असेल तर कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) कागदावर येऊ शकते.

हा नियम पोलिसांच्या स्वतःच्या गोळीलाही लागू आहे. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलिस ठाण्याने करावा आणि दंडाधिकारी चौकशी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सांगितले आहे. ‘आम्ही स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला’ हे वर्दीतल्या माणसालाही तपासावरच सोडावे लागते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००५ च्या कायद्याने उलटी रचना केली. बळाचा वापर बेकायदा होता असे मानायला सबळ कारण असल्याशिवाय पोलिसांनी अटकच करायची नाही, असे तिथे लिहिलेले आहे. भारतात असे कवच नाही. उलट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आपली कृती अपवादात बसते, हे आरोपीनेच दाखवायचे असते. दिलासा एवढाच, की त्याला ते सरकारी पक्षाप्रमाणे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. त्याची बाजू अधिक संभवनीय वाटली तरी पुरते.

या सगळ्यात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे तुमची स्वतःची फिर्याद. घरात कोयता घेऊन शिरणे हाही गुन्हाच आहे आणि तुम्ही त्याचे पीडित आहात. घरफोडी, जबरी चोरी किंवा हल्ल्याची तुमची तक्रार स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी, असा आग्रह पहिल्याच दिवशी धरायला हवा. ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दोन महिन्यांनी केलेली तक्रार बचावासाठी रचलेली वाटते.

पहिली दहा मिनिटे

पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही फोन तुमच्याच घरातून जायला हवेत, शेजाऱ्याने करेपर्यंत थांबायचे नाही. गोळी झाडणाऱ्याने स्वतःहून पोलिसांना कळवले, ही बाब त्याची वर्तणूक म्हणून पुराव्यात येऊ शकते. जखमीसाठी रुग्णवाहिका मागवली, याचेही तसेच. ज्याला थांबवायचे होते त्याला थांबवले आणि नंतर वाचवायचा प्रयत्न केला, हे त्यातून दिसते.

फोनवर मोजके बोलायचे: पत्ता, घरात माणूस शिरला, हल्ला झाला, गोळी लागली आहे, रुग्णवाहिका हवी, मी घरातच आहे. कॉल रेकॉर्ड होतो. घाबरलेला माणूस त्या क्षणी ‘मी त्याला संपवला’ असे काहीबाही बोलून जातो आणि ती ध्वनिफीत वर्षानुवर्षे टिकते.

पोलिस दारात येतात तेव्हा शस्त्र हातात नको. आत कोण घरमालक आणि कोण हल्लेखोर, हे पहिल्या बीट मार्शलला माहीत नसते. शस्त्र मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून, ते कुठे आहे हे पोलिसांना तोंडी सांगावे. पुसू नये, साफ करू नये. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात झाडलेल्या गोळीची पुंगळी कोणत्या कप्प्यात आहे, यावरूनही काही कळते. पिस्तूल असेल तर रिकामी पुंगळी बाहेर उडून पडते. ती कुठे पडली यावरून झाडणारा साधारण कुठे उभा होता याचा अंदाज बांधतात. त्यामुळे फरशीवरच्या पुंगळ्या गोळा करू नयेत. हातही धुऊ नयेत. हे पाळणे अवघड जाते, कारण रक्त पाहिल्यावर माणूस पहिल्यांदा नळाकडेच धावतो. त्याचे कारण पुढे येईल.

आणि काहीही ‘सुधारायला’ जाऊ नये. मृताच्या हाताजवळ घरातली सुरी नेऊन ठेवली की स्वसंरक्षणाची खरी बाजूही संपते. पुरावा नाहीसा करणे हा कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. त्या सुरीवर तुमच्या स्वयंपाकघराचे ठसे असणार, त्याचे नसणार.

सीसीटीव्ही : सर्वात मोठा साक्षीदार, सर्वात विसरभोळा

इथे माझ्यातला इंजिनीअर थोडा जागा होतो. घरातला किंवा सोसायटीचा डीव्हीआर नवे चित्रण जुन्यावर लिहीत जातो. हार्ड डिस्कच्या क्षमतेनुसार आठवड्यात, पंधरवड्यात किंवा महिन्यात तो दिवस पुसला जातो. म्हणून कॅमेरे कुठे आहेत, हे पोलिसांना त्याच दिवशी सांगावे आणि शक्य झाल्यास लेखी द्यावे. फक्त घरातलेच नव्हेत, तर समोरच्या मेडिकलचा, कोपऱ्यावरच्या एटीएमचा कॅमेराही. हल्लेखोर कुठून आला, त्याच्यासोबत कोण होते, तो आधी दोन दिवस चकरा मारत होता का, हे त्यांतच सापडते.

डीव्हीआरचे घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकीचे असते. वीज गेली, आतली बॅटरी संपली, की ते दहा-वीस मिनिटे मागेपुढे होते. ११२ ला कॉल २ वाजून ५० मिनिटांनी आणि चित्रणात गोळी ३ वाजून ५ मिनिटांनी, असे दिसले की उलटतपासणीत घोळ होतो. पंचनामा करताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून घ्यायला सांगा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्यात आता हॅश मूल्यही नमूद करायचे असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलते. त्यामुळे चित्रण आधी मोबाइलवर कापून, वर संगीत घालून ग्रुपवर टाकायचे आणि तेच पोलिसांना द्यायचे, हा प्रकार बिलकूल नको. मूळ डिस्क आहे तशी राहू द्या.

पोलिसांशी बोलायचे की गप्प बसायचे?

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. हे संरक्षण पोलिस तपासाच्या टप्प्यावरही मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे गप्प राहण्याचा हक्क आपल्याकडेही आहे. शिवाय अमेरिकेपेक्षा एक भिंत जास्त आहे. तिथे पोलिसांनी हक्कांची जाणीव करून दिल्यानंतर दिलेली कबुली न्यायालयात थेट वापरली जाते. आपल्याकडे पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही (साक्ष अधिनियम, कलम २३). तुम्हीच जाऊन दिलेल्या फिर्यादीत कबुली असेल, तर तीही वगळावी लागते, हे १९६५ च्या अघ्नू नागेसिया निकालापासून पक्के आहे. अपवाद एकच: कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो.

मग अमेरिकी सल्ला इथे तंतोतंत लागू करावा का? माझ्या मते नाही. खुनाच्या साध्या आरोपात ‘मी तिथे नव्हतो’ म्हणणाऱ्याला मौन परवडते. स्वसंरक्षणात मात्र गोळी झाडली हे तुम्हीच मान्य करत असता आणि तुमची सगळी बाजू तुम्हालाच ठाऊक असलेल्या तपशिलांवर उभी असते. त्याचा कोयता झटापटीत कपाटामागे गेला, हे तुम्ही सांगितले नाही तर पंचनाम्यात कोयता येणार नाही. बाहेर दुचाकीवर दुसरा माणूस थांबला होता, वरच्या मजल्यावरच्या आजींनी आरडाओरडा ऐकला, तुमच्या खांद्याला मुका मार बसला आहे, हे सगळे पहिल्या काही तासांत नोंदले गेले नाही तर नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही.

म्हणून मधला रस्ता: हल्ला झाला, जिवाची भीती होती, पुरावा इथे आहे, साक्षीदार हे आहेत, मला इथे लागले आहे आणि माझी तक्रार नोंदवा. एवढे सांगावे. किती फुटांवरून, किती सेकंदांत, आधी तो काय म्हणाला मग मी काय म्हणालो, याची सविस्तर उत्तरे वकिलांशी बोलल्यावर द्यावीत. भीतीच्या क्षणी अंतर आणि वेळ यांचा अंदाज कोणाचाही चुकतो. दहा फूट म्हणालात आणि प्रयोगशाळेने तीन फूट म्हटले, तर खरे बोलणारा माणूसही खोटारडा दिसतो. ‘आत्ता मला नीट सांगता येणार नाही, वकिलांशी बोलून सांगतो’ हे वाक्य पोलिस ठाण्यात नम्रपणे म्हणता येते. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्याला नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ देते. मात्र चौकशी संपेपर्यंत वकील शेजारी बसून राहील, असे त्यात नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत मदत मागता येते.

स्वाक्षरीबाबत एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तपासात पोलिस जो जबाब लिहून घेतात, त्यावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असे कलम १८१ सांगते. फिर्याद, अटकेचा पंचनामा, जप्तीचा पंचनामा यांवर सही असते. तीही मजकूर वाचून, किंवा वाचून दाखवायला सांगून. कोऱ्या कागदावर कधीच नाही.

पोलिसांपुढची कबुली चालत नाही, पण बाकीच्यांपुढची चालू शकते, हे मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचे प्रकरण महाराष्ट्राला आठवत असेल. त्यानंतर लगेच त्यांनी एका वृत्तवाहिनीशी फोनवर बोलून, मुलाला मारहाण होत होती म्हणून आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडल्याचा दावा केला. तो दावा टिकतो की नाही, हा न्यायालयाचा विषय. पण वाहिनीचा पत्रकार पोलिस नसतो. त्याच्याशी, शेजाऱ्याशी, सोसायटीच्या ग्रुपवर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर जे बोलले-लिहिले जाते, त्याला कलम २३ चे संरक्षण नाही. आमच्या व्यवसायाच्या विरोधात जाणारा सल्ला आहे, पण त्या रात्री बातमीदाराचा फोन उचलू नका.

अटक झाली तर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिस अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. खून किंवा खुनाचा प्रयत्न त्यात बसत नाही. तरीही अटक केलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. पुरावा स्पष्ट असेल, तर तपास अधिकारी थांबू शकतो. गुन्हा नोंदवला गेला आणि अटक अजून झालेली नाही, अशा अवस्थेत कलम ४८२ खाली सत्र किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

अटक झालीच, तर तिचा पंचनामा व्हायला हवा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला कळवायला हवे. २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायला हवे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करता येत नाही. अटकेची कारणे तोंडी सांगून भागत नाही. ती आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत आणि तसे लगेच जमले नाही, तरी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितले. कारणे वाचल्याशिवाय रिमांडला विरोध कसा करणार?

वैद्यकीय तपासणी अटक झालेल्या प्रत्येकाची होते. तिथे डॉक्टरांना प्रत्येक खरचटलेली जागा दाखवा, लपवू नका आणि ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नका. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही, तर त्यांच्या कथेवरच शंका येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या लक्ष्मी सिंह निकालात म्हटले आहे. स्वसंरक्षणाचे कित्येक बचाव मनगटावरच्या एका जुन्या कागदी नोंदीवर टिकतात.

खुनाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी ९० दिवस मिळतात. ते वेळेत आले नाही तर जामीन हा हक्क बनतो. पोलिस कोठडी एकूण १५ दिवसांची. नव्या कायद्यात ती सलग न घेता पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येते, त्यामुळे ‘१५ दिवस झाले, आता सुटलो’ असे धरून चालता येत नाही.

कलिन्याच्या प्रयोगशाळेत काय ठरते?

महाराष्ट्रात अशा प्रकरणांतला मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. हात न धुण्याचे कारण इथे कळते. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरमध्ये सहसा शिसे, बेरियम आणि अँटिमनीची संयुगे असतात. गोळी सुटताना त्यांची वाफ होते आणि थंड होताच हातावर, बाहीवर सूक्ष्म गोलसर कण बसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. पण ते धुळीसारखे सैल असतात. पाण्याने, रुमालाने, नुसत्या हालचालीनेही काही तासांत निघून जातात. तुम्ही गोळी झाडली हे तर तुम्ही मान्यच करता, मग कणांचे काय काम, असे वाटेल. समोरच्याच्या हातावरही ते असू शकतात. त्याने आधी गोळी झाडली असेल किंवा झटापटीत शस्त्रावर हात घातला असेल, तर ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

खरा वाद अंतराचा. नळी अंगाला टेकवून किंवा काही इंचांवरून गोळी झाडली तर जखमेभोवती काजळी दिसते. त्याहून थोड्या अंतरावरून न जळलेल्या दारूचे कण कातडीत रुतून ठिपके उमटतात. हँडगनच्या बाबतीत साधारण दोन-तीन फुटांपलीकडे हे काहीच राहत नाही. छर्र्यांच्या बंदुकीत छर्रे किती पसरले, यावरून अंतर काढतात. ‘तो अंगावर धावून आला’ असे म्हणणाऱ्याच्या प्रकरणात काजळी किंवा ठिपके सापडले, तर विज्ञान त्याच्या बाजूने बोलते. गोळी पाठीतून शिरली असेल तर बाजू कठीण होते, तरी अशक्य नाही. गोळी सुटेपर्यंतच्या क्षणात माणूस वळू शकतो. म्हणूनच कपडे महत्त्वाचे. तुमचा फाटलेला सदरा आणि त्याचा शर्ट, दोन्ही न धुता जप्त व्हायला हवेत.

सात वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावे आणि प्रक्रियेचे मोबाइलवर चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद कलम १७६(३) मध्ये आली आहे. राज्यांना ती अमलात आणायला पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ आले नसतील तर त्यांना बोलवावे, अशी लेखी विनंती वकिलामार्फत करता येते. निर्दोष माणसाला याचा फायदाच आहे.

न्यायालयात किती वर्षे?

१५ जुलै १९९१ रोजी पंजाबमध्ये शेतजमिनीच्या वादातून झालेल्या मारामारीत एकाने बंदुकीतून गोळी झाडली आणि समोरचा माणूस मेला. वडिलांवर हल्ला होत होता म्हणून गोळी झाडली, असे त्याचे म्हणणे होते. सत्र न्यायालयाने त्याला सोडले. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि खासगी संरक्षणाची दहा तत्त्वे एकत्र लिहून काढली. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा तो निकाल. आज कोणताही बचावाचा वकील तोच उघडतो. आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा स्वतः मांडला नाही, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा, हे त्यात आहे. जुलै १९९१ ते जानेवारी २०१० म्हणजे साडेअठरा वर्षे झाली.

दुसरे टोक योगेंद्र मोरारजी विरुद्ध गुजरात राज्य, १९८०. रात्री वाटेत गाडी अडवली गेली, आतल्या माणसाने रिव्हॉल्व्हर चालवले, एकाचा जीव गेला. त्याने हक्काची मर्यादा ओलांडली, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मर्यादा ओलांडली पण हेतू प्रामाणिक होता, असे दिसले तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा मात्र त्यालाही आहे आणि हेतू सिद्ध झाला तर ती जन्मठेपेपर्यंत जाते.

शस्त्र आणि परवान्याचे काय होते?

परवाना कशासाठी मिळाला, हा प्रश्न हमखास येतो. कोकणात माकडे-रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी बंदुकीचा परवाना असलेली घरे आजही आहेत. माझ्या आजोबांकडेही तशी एक होती. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची, पावती पत्र्याच्या डब्यात ठेवायची, निकालानंतर आणायची. शेतीसाठीच्या बंदुकीने हल्लेखोराला रोखले, म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क जात नाही. पण परवान्याच्या अटी मोडल्याचा हिशेब वेगळा होतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. शस्त्र विनापरवाना असेल तर त्या कायद्याचा स्वतंत्र आणि बराच जड गुन्हा लागतो, मग गोळी कितीही न्याय्य असो.

शहरांत पोलिस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे परवाना देतात. कलम १७ खाली तेच तो निलंबित किंवा रद्द करतात. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो. खटला त्याहून जास्त चालला, तर नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित खुनाच्या गुन्ह्यासह करावा लागतो.

जप्त केलेले शस्त्र मुद्देमाल कक्षात जाते, तिथून प्रयोगशाळेत, तिथून परत. निर्दोष सुटल्यावरही ते आपोआप मिळत नाही. अपिलाची मुदत संपावी लागते, न्यायालयाचा आदेश लागतो आणि परवाना त्या दिवशी जिवंत असावा लागतो. त्यामुळे जप्तीच्या पंचनाम्याची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्या. शस्त्राचा क्रमांक, बोअर, काडतुसे किती भरलेली आणि किती रिकामी, हे सगळे तिच्यात बरोबर लिहिले आहे ना, ते तिथेच उभे राहून तपासा.